काळीची ओल

जूनमधली सकाळ होती. तेर-ढोकीच्या पट्ट्यात आदल्या रात्री दणकून पाऊस झाला होता. नाला चहाच्या रंगाच्या पाण्यानं भरून चालला होता आणि लोक बांधावर उभे राहून यंदाची सुरुवात बरी झाली असं एकमेकांना सांगत होते. पेरणीच्या तयारीत असलेल्या एका रानात आम्ही कुदळ मारली. वरचा चार बोटांचा थर चिखल झालेला, पायाला चिकटणारा. वीतभर खाली ढेकूळ लागलं, ते फोडलं तर आत कोरडं ठाक. बांधापलीकडच्या रानात मागच्या तुरीची धसकटं तशीच होती आणि सोयाबीनचं भुसकट पातळसं पसरलेलं होतं. तिथं हात कोपरापर्यंत गेला तरी मातीची ओल तुटली नाही. माती एकच, पाऊस तोच, मध्ये फक्त एक बांध. शेजारी उभे असलेले वयस्कर शेतकरी म्हणाले, "पाऊस दोघांवर सारखाच पडला की हो. एकाच्या रानानं पिला, एकाच्या रानानं सोडून दिला."

पुढच्या साऱ्या पानांचा विषय या दोन वाक्यांत आला आहे. जमीन पाणी पिते कशी, धरते कशी आणि ती पिणं का विसरते, हा प्रश्न धाराशिव जिल्ह्याच्या मातीवर उभं राहून विचारण्यासाठी हा संग्रह केला आहे.

आधी थोडा हिशेब करू, कारण पाण्याबद्दल आपण भावनेनं फार बोलतो आणि मोजतो कमी. एका एकरावर 1 मिलिमीटर पाऊस पडला म्हणजे सुमारे 4 हजार लिटर पाणी पडलं. त्या रात्रीचा पाऊस 50 मिलिमीटर धरला, तर एकरी 2 लाख लिटर झाले. दहा हजारी टँकर लावायचे तर वीस लागतील. जिल्ह्याचा वर्षाचा पाऊस सरासरीनं 700 मिलिमीटरच्या आसपास असतो. म्हणजे ज्या एकराला आपण कोरडवाहू म्हणतो, त्याच्यावर वर्षाला 28 लाख लिटर पाणी आकाशातून उतरतं. आता साठवणुकीची बाजू पाहू. मीटरभर खोल, चांगल्या काळ्या जमिनीत पिकाच्या मुळांना उचलता येईल असं 150 ते 200 मिलिमीटर पाणी मावतं, एकरी 6 ते 8 लाख लिटर. सरकारी मापाचं 30 बाय 30 बाय 3 मीटरचं शेततळं सुमारे 22 लाख लिटरचं असतं. म्हणजे तीन एकर खोल काळी जमीन भिजून पूर्ण भरली, तर एका शेततळ्याएवढं पाणी पिकाच्या मुळाशी उभं असतं. त्याला खोदाई लागत नाही, प्लास्टिकचा कागद लागत नाही, उपसायला मोटार लागत नाही.

मराठवाड्याच्या जुन्या शेतीला हे तळं पक्कं माहीत होतं. खोल काळ्या रानात पावसाळ्यात शिरता येत नाही, म्हणून ते खरिपात मोकळं ठेवायचं, वखराच्या पाळ्या घालून पाऊस मुरवायचा आणि उत्तरा-हत्तीच्या पावसावर ज्वारी टोकायची, अशी रीत होती. त्यानंतर आभाळातून थेंब आला नाही तरी शाळू हुरड्याला येई, कडबा होई. मोहोळला निवडलेली मालदांडी 35-1 ही ज्वारी इतकी दशकं टिकली ती याच ओलीच्या जोरावर. रब्बीचं पीक हे खरं तर जमिनीनं पावसाळ्यात धरून ठेवलेल्या पाण्याचं पीक आहे. आमच्या पिढीनं हे शब्दांत कधी मांडलं नाही, कारण ते मांडावं लागेल असं कुणाला वाटलंच नव्हतं.

जिल्ह्याची माती मात्र एकसारखी नाही. बालाघाटाच्या माथ्यावर मुरमाड, बरड रान आहे. हातभर खाली गेलं की खडक लागतो. उतारावर मध्यम जमीन. तेरणा, मांजरा, सीना, बोरी यांच्या काठांनी खोल भारी काळी. ही सगळी बसाल्टच्या खडकाची लेकरं, पण पाण्याशी त्यांचं वागणं वेगवेगळं आहे. बरड रानात पाणी झटकन शिरतं आणि तितक्याच झटकन निघून जातं, धरायला मातीच नसते. काळीचं उलट. ती धरते भरपूर, पण तिला पाजणं अवघड. उन्हाळ्यात तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. पहिल्या पावसाचं पाणी त्या भेगांतून खोल उतरतं. मग चिकणमाती फुगते, भेगा मिटतात आणि एकदा भिजलेल्या काळीत पाणी मुरण्याचा वेग तासाला एखाद मिलिमीटरवर, कधी त्याहूनही खाली येतो. अशा वेळी तासाला 40 मिलिमीटरनं कोसळणाऱ्या सरीनं जायचं कुठं? ते वाहणारच, आणि जाताना वरची कसदार माती घेऊन जाणार.

म्हणजे काळ्या जमिनीचा खरा प्रश्न दाराशी आहे. कोठार मोठं आहे, दार अरुंद आहे. हे दार उघडं कोण ठेवतं, ते पाहायला प्रयोगशाळा लागत नाही. दोन काचेचे ग्लास पाण्यानं भरावेत. एकात वर्षानुवर्षं रोटाव्हेटर फिरलेल्या रानातलं सुपारीएवढं वाळलेलं ढेकूळ सोडावं, दुसऱ्यात बांधावरच्या गवताच्या मुळांतलं. पहिलं मिनिटभरात विरघळतं, पाणी गढूळ होतं, तळाला गाळ बसतो. दुसरं तसंच बसून राहतं. त्यातून बुडबुडे येतात, पाणी नितळ राहतं. पावसाचा थेंब शेतात हेच करतो. विरघळलेली माती पुन्हा बसताना बारीक रंध्रं बुजवते, वर पापडी धरते आणि दार बंद होतं. टिकणाऱ्या ढेकळाला धरून ठेवणारा चिकटा मुळांनी, बुरशीच्या तंतूंनी, गांडुळांनी आणि कुजलेल्या काडीकचऱ्यानं केलेला असतो. तेर हे गोरोबाकाकांचं, संत गोरा कुंभारांचं गाव. कच्चं मडकं पाण्यात टिकत नाही, हे त्या गावाला वेगळं सांगायला नको. मडक्याला भट्टी पक्कं करते. शेतातल्या मातीला पक्कं करण्याचं काम जिवंत मुळं करतात, आणि ते दरवर्षी नव्यानं करावं लागतं.

या विषयाचा महाराष्ट्रातला इतिहास सुरू करायचा तर जोतीराव फुल्यांपासून करावा. 1883 साली लिहिलेल्या 'शेतकऱ्याचा असूड'मध्ये त्यांनी सरकारला सुचवलं होतं, की पलटणीतली माणसं लावून ताली आणि बंधारे अशा बेतानं घालावेत, की पावसाचं पाणी आधी शेतात मुरेल आणि मग ओढ्यानाल्यांत उतरेल. या सूचनेतला क्रम महत्त्वाचा आहे. आधी शेत, मग नाला. पुढच्या शंभर-सव्वाशे वर्षांत आपण हा क्रम किती वेळा उलटा केला, त्याचा हिशेब या संग्रहात जागोजागी येईल.

विसाव्या शतकात ताम्हणे आणि कानिटकर यांनी कोरडवाहू शेतीच्या शास्त्रशुद्ध प्रयोगांचा पाया घातला. 1923 च्या सुमारास पुण्याजवळच्या मांजरीत काम सुरू झालं आणि 1933 मध्ये सोलापूरचं संशोधन केंद्र उभं राहिलं. समपातळीवरचे बांध, शेणखत, विरळ पेरणी, वारंवार कोळपणी अशी त्यांची शिफारस होती. कानिटकरांचा ग्रंथ 1944 मध्ये निघाला. 1942 च्या मुंबई प्रांताच्या जमीन सुधारणा कायद्यानं बांधबंदिस्तीला सरकारी बळ दिलं. धाराशिव तेव्हा निजामाच्या राज्यात होतं. सोलापूर इथून सत्तर किलोमीटरच्या आत, पण मध्ये सरहद्द होती. एकाच मातीचं ज्ञान सरहद्दीच्या अलीकडे उशिरा पोचलं, ही खंत मला आजही वाटते.

मग 1972 चा दुष्काळ. खडी फोडणाऱ्या हातांनी पाझर तलाव, नालाबांध आणि बांधबंदिस्ती केली आणि त्यातूनच रोजगार हमीचा कायदा आला. पुरंदरच्या नायगावात विलासराव साळुंखे यांची पाणी पंचायत, राळेगणसिद्धी, हिवरे बाजार, 1983 चा व्यापक पाणलोट कार्यक्रम, 2014 च्या अखेरीस आलेलं जलयुक्त शिवार, 2016 पासूनची पाणी फाउंडेशनची स्पर्धा, 2017 ची गाळमुक्त धरण योजना, ही साखळी वाचकांना ठाऊक आहे. यातलं बरंचसं काम मोलाचं आहे, ते करणाऱ्यांच्या घामाबद्दल मला आदर आहे. पण एक गोष्ट स्पष्ट बोलायला हवी. यातलं बहुतेक काम पाणी वाहायला लागल्यानंतरचं आहे. नाला खोल केला, बंधारा बांधला, म्हणजे शेतातून निसटलेलं पाणी खाली पकडलं. त्यातलं पुष्कळसं विहिरीवाल्याच्या, बोअरवाल्याच्या आणि शेवटी उसाच्या वाट्याला गेलं. माथ्यावर ज्याचं तीन एकर बरड रान आहे, त्याला त्या पाण्याचं दर्शन झालं नाही. त्याच्यासाठी त्याच्या मातीएवढा जवळचा बंधारा दुसरा नाही.

माती जिवंत करण्याचा विचार वेगळ्या वाटांनी आला. अल्बर्ट हॉवर्ड 1924 ते 1931 इंदूरला होते. माळव्याच्या काळ्या मातीतच त्यांनी इंदूर पद्धतीचं कंपोस्ट बसवलं आणि आपल्या शेतकऱ्यांना गुरू म्हटलं. कोल्हापूरच्या श्री. अ. दाभोळकरांनी प्रयोग परिवार जोडला. शेतकऱ्यानं स्वतः मोजावं, नोंदवावं, एकमेकांना सांगावं, हा त्यांचा आग्रह होता. या संग्रहावर सर्वांत मोठं ऋण त्यांचं आहे. अमरावतीच्या सुभाष पाळेकरांनी आच्छादन आणि वाफसा हे दोन शब्द गावोगाव नेले. वाफसा हा शब्द आपल्याकडे जुनाच, पण मुळांना पाणी आणि हवा दोन्ही लागतात ही गोष्ट त्यांनी लाखो लोकांच्या मनावर ठसवली. जीवामृताबद्दलच्या त्यांच्या दाव्यांशी शास्त्रज्ञांचे वाद आहेत. आच्छादनाबद्दल मात्र वादाला जागा नाही.

कोल्हापूरच्या प्रताप चिपळूणकरांनी नांगरच सोडला. आधीच्या पिकाची मुळं आणि धसकटं जमिनीतच कुजू द्यावीत, तणांनाही सेंद्रिय पदार्थ म्हणून वापरावं, हा त्यांचा अनेक वर्षांचा प्रयोग. नेरळचे चंद्रशेखर भडसावळे यांनी 2011 च्या सुमारास भातासाठी सगुणा तंत्र बसवलं. कायमचे गादीवाफे, नांगरणी नाही, चिखलणी नाही. पुढे ते सोयाबीन आणि कापसातही आलं. या दोन्ही वाटांवर तण आवरायला तणनाशक चालतं, आणि इथं सेंद्रियवाल्यांशी त्यांची ठिणगी उडते. एकाला रसायन नको, दुसऱ्याला नांगर नको. दोघंही मातीसाठीच भांडतात, म्हणून हे भांडण मला मोलाचं वाटतं.

पाटणचेरूच्या इक्रिसॅटची वाट आणखी वेगळी. 1970 च्या दशकात त्यांनी काळ्या जमिनीसाठी रुंद वरंबा आणि सरीची पद्धत बसवली. जास्त पाऊस सरीतून निघून जातो, कमी पाऊस वरंब्यात मुरतो. आज गावात तिला बीबीएफ म्हणतात. नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्पानं, म्हणजे 'पोक्रा'नं, ती इथल्या सोयाबीनमध्ये आणली. माझं मत विचाराल, तर खोल काळीत सुरुवात करायला यापेक्षा सोपी पायरी नाही. पिकाची पद्धत न मोडता पहिल्याच हंगामात फरक दिसतो.

कोळपणीचं काय, हा प्रश्न मला प्रत्येक गावात विचारला जातो. एक कोळपणी म्हणजे अर्धं पाणी, असं म्हणणाऱ्या माणसाला नांगर सोड, माती हलवू नकोस, असं सांगणार कसं? याचं उत्तर आहे. कोळपं दोन बोटं खोल चालतं. ते वरची पापडी फोडतं, भेगा बुजवतं, तण काढतं आणि खालची ओल वर उडून जाऊ देत नाही. आच्छादन नसलेल्या रानात हेच आच्छादन आहे. ट्रॅक्टरची खोल नांगरट आणि त्यावर रोटाव्हेटरचा भुगा ही वेगळी गोष्ट. तिनं ढेकळातला चिकटा मोडतो आणि नांगराच्या तळाखाली कठीण थर बसतो. आजोबांचं कोळपं आणि आजचा रोटाव्हेटर एकाच मापानं मोजू नयेत.

इथं एका आकड्याबद्दल सावध करतो. सेंद्रिय पदार्थ एक टक्क्यानं वाढला की एकरी 20 हजार गॅलन, म्हणजे सुमारे 75 हजार लिटर, जादा पाणी साठतं, असं भाषणांत सांगितलं जातं. हा आकडा अमेरिकेतून फिरत आला आहे. सिडनी विद्यापीठाच्या मिनास्नी आणि मॅकब्रॅटनी यांनी 2018 मध्ये जगभरच्या साठेक अभ्यासांची मोजमापं एकत्र तपासली. सेंद्रिय कर्ब एक टक्क्यानं वाढला तर 100 मिलिमीटर मातीत सरासरी 1.16 मिलिमीटर पाणी वाढतं, असं त्यांना दिसलं. फूटभर मातीला हिशेब लावला तर एकरी 14 हजार लिटर होतात. चिकणमातीत त्याहूनही कमी. आणि मराठवाड्याच्या बहुतेक जमिनींत कर्ब अर्ध्या टक्क्याच्या आसपास किंवा त्याखाली असताना तो एक टक्क्यानं वाढवणं हे वर्षा-दोन वर्षांचं काम नाही. मग कर्बाचा उपयोग काय? उपयोग दाराचा आहे. 50 मिलिमीटरच्या एका पावसातला निम्मा पाऊस वाहण्याऐवजी मुरला, तर एकाच रात्रीत एकरी लाख लिटर मिळाले. आच्छादनानं उन्हाची झळ अडली की मिळालेलं पाणी टिकलं. खरं सांगितलं तरी विषय पुरेसा मोठा आहे, त्याला फुगवायची गरज नाही.

जनावरांवाचून हा विषय पुरा होत नाही. ज्वारी गेली, सोयाबीन आलं, आणि ज्वारीबरोबर कडबा गेला. कडबा गेला तशी दावण रिकामी झाली आणि दावणीबरोबर उकिरडा. ट्रॉलीभर शेणखत आता पैसे मोजून आणावं लागतं. जिल्ह्याच्या जुन्या नावानं देशभर ओळखली जाणारी उस्मानाबादी शेळी अजून घराघरांत आहे. धनगरांचे कळप अजून उन्हाळ्यात रानात बसतात. मेंढ्या बसवल्या त्या रानाचं पीक पुढची दोन वर्षं ओळखू येतं, असं जुनी माणसं सांगतात. माळरानं आणि गायरानं मात्र पार खरवडली गेली आहेत. पवना, मारवेल यांच्या जागी कुसळी राहिली. जिथं गवत नाही तिथं पाऊस थांबत नाही, आणि माथ्यावर थांबला नाही तर पायथ्याचा बांध फुटतो. चराई काही काळ बंद ठेवून आलटून पालटून सोडणं ही आपल्याकडची जुनी कुरणाची रीत आहे. परदेशातल्या मोठमोठ्या चराऊ रानांत आज तिच्याच नव्या रूपांवरून वाद चालू आहेत.

हे सगळं आत्ताच का? कारण पावसाची तऱ्हा बदललेली आपण डोळ्यांनी पाहिली. 2012 ते 2016 या काळात टँकर, चारा छावण्या, शेजारच्या लातूरला रेल्वेनं आलेलं पाणी. आणि सप्टेंबर 2025 मध्ये भूम-परंड्यात नद्या शिवारावरून वाहिल्या. जिथं पीक उभं होतं तिथं दगडगोटे उरले. सरकारला खरडून गेलेल्या जमिनीसाठी वेगळी मदत जाहीर करावी लागली. दुष्काळ आणि पूर ही दोन वेगळी संकटं आहेत असं आपण मानतो. मातीच्या बाजूनं पाहिलं तर दोन्हींत एकच प्रश्न आहे, पडलेलं पाणी किती वेगानं मुरतं. तरी 2015 पासून शेतकऱ्याच्या हाती येणाऱ्या मृदा आरोग्य पत्रिकेत बारा रकाने आहेत. नत्र, स्फुरद, पालाशपासून बोरॉनपर्यंत सगळं आहे, पण पाणी मुरण्याचा आणि धरण्याचा रकाना नाही. ही उणीव दूर व्हावी, अशी या संग्रहाची उघड मागणी आहे.

बायकांचं काम यात वेगळं नोंदवायला हवं. 1993 च्या भूकंपानंतर या भागात रुजलेल्या स्वयं शिक्षण प्रयोगानं घरातल्या बाईला एक एकर मागायला शिकवलं. त्या एकरात भाजी, डाळी, भरडधान्य, घरचं खत आणि निर्णय तिचा. संस्थेला 2016 मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाचा इक्वेटर पुरस्कार मिळाला. पण मला महत्त्वाचं वाटतं ते हे, की दुष्काळात जिल्ह्यातल्या अनेक घरांत ताट त्या एकरावर भरलं. मिश्र पीक असलेलं, वर्षातले बरेच महिने झाकलेलं रान ओल धरतं, हे त्या बायांनी नवऱ्यांना रानातच दाखवून दिलं.

हा संग्रह शेतकरी, शेतमजूर बाया, कृषी सहायक, मेंढपाळ आणि मृदाशास्त्राचे अभ्यासक यांनी मिळून लिहिला आहे. त्यांचं एकमेकांशी सगळीकडे पटत नाही, आणि संपादकांनी ते ओढूनताणून पटवलेलं नाही. परंड्याच्या बरड रानातला उपाय उमरग्याच्या भारी काळीत चालेलच असं नाही, म्हणून प्रत्येक लेखाच्या सुरुवातीला जमिनीची खोली, उतार आणि त्या वर्षीचा पाऊस दिला आहे. फसलेले प्रयोगही आहेत. आच्छादनाखाली उंदरांनी हरभरा खाल्ला तो लेख मी दोनदा वाचला. कुठलं खत किती टाकावं याची तक्ते-यादी शोधणाऱ्यानं परभणीच्या विद्यापीठाकडे किंवा तुळजापूरच्या कृषी विज्ञान केंद्राकडे जावं. इथं रान वाचायला शिकण्याचा खटाटोप आहे.

वाचकाला एकच विनंती. पहिला मोठा पाऊस झाला की दुसऱ्या सकाळी आपल्या रानात तीन ठिकाणी कुदळ मारा आणि ओल किती बोटं, किती वीत खोल गेली ते पाहा. बांधावरच्या गवताखालीही एकदा पाहा. तारीख, पाऊस आणि खोली लिहून ठेवा. पुस्तकाच्या शेवटी आठ पानं त्यासाठी कोरी सोडली आहेत.